बॉब बीमनची ८.९० मीटर उडी: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात शालेय मैदानी स्पर्धांवर लिहिताना बॉब बीमनचं नाव ओघात आलं होतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटर लांब उडी मारणारा अमेरिकन खेळाडू, एवढंच एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी सगळ्या लेखावर आली नाहीत. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून मी आयुष्यभर उडीच्या खड्ड्याशी उभा राहिलो आहे. त्यामुळे बीमनवर बोलायला कुणी सांगितलं तर मला थांबवणं अवघड जातं. या वेळचं सदर त्यालाच देतो.

प्रश्न: सर, मी अकरावीत आहे आणि लांब उडी मारतो. आमच्या मैदानावरचे एक दादा म्हणतात, मेक्सिकोची हवा विरळ, त्यात पाठीला वारा, म्हणून बीमनची उडी खरी धरायचीच नाही. हे बरोबर आहे का?
– एक खेळाडू, इस्लामपूर

मित्रा, तुझे दादा अर्धं बरोबर सांगतात. ते अर्धं आधी मान्य करू.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ सहाशे मीटर वर. तिथे हवा विरळ, म्हणजे वेगात पळणाऱ्याला होणारा अडथळा कमी. त्या ऑलिंपिकमध्ये जे जे थोडक्या वेळात संपतं त्या सगळ्याला ही हवा मानवली. जिम हाइन्सने १०० मीटर ९.९५ सेकंदांत संपवली, टॉमी स्मिथने २०० मीटर १९.८३ सेकंदांत, ली इव्हान्सने ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत. तिन्ही विश्वविक्रम. तिहेरी उडीत तर विक्रम पुन्हा पुन्हा मोडला जात शेवटी व्हिक्टर सानेयेव्हच्या १७.३९ मीटरवर थांबला. उलट दहा हजार मीटर धावणाऱ्यांना श्वास पुरेना. वाऱ्याचंही खरं आहे. बीमनच्या उडीच्या वेळी पाठीचा वारा सेकंदाला २.० मीटर मोजला गेला. विक्रमासाठी चालणाऱ्या वाऱ्याची मर्यादा नेमकी तेवढीच.

आता उरलेलं अर्धं. ती हवा काय एकट्या बीमनला दिली होती? त्याच खड्ड्यात, त्याच दुपारी जगातले उत्तम उडीवाले उतरले होते. राल्फ बोस्टन हा १९६० च्या रोम ऑलिंपिकचा विजेता. लिन डेव्हिस हा १९६४ च्या टोकियोचा विजेता. सोव्हिएत संघाचा इगोर तेर-ओव्हानेस्यान. जुना ८.३५ मीटरचा विश्वविक्रम बोस्टन आणि तेर-ओव्हानेस्यान या दोघांच्या नावावर होता. आणि हे तुझ्या दादांना जरूर सांग, की तेर-ओव्हानेस्यानने त्याची ८.३५ ची उडी आदल्या वर्षी मेक्सिको सिटीतच मारली होती. म्हणजे विरळ हवा अधिक जगातला अव्वल खेळाडू, याचा हिशेब आधीच झालेला होता: ८.३५. अंतिम फेरीत रौप्यपदक मिळालं पूर्व जर्मनीच्या क्लाउस बेअरला, ८.१९ वर. बोस्टन ८.१६, तेर-ओव्हानेस्यान ८.१२, डेव्हिस ७.९४. सोनं आणि रुपं यांच्यात ७१ सेंटिमीटरांचं अंतर. हवेने दिलं ते सगळ्यांना सारखं दिलं. त्यावरचं बीमनचं.

ते कुठून आलं? वेगातून. बीमन १०० यार्ड साडेनऊ सेकंदांत पळायचा. लांब उडी म्हणजे पळण्याचा वेग शक्य तितका न गमावता फळीवरून, म्हणजे खड्ड्याआधी जमिनीत बसवलेल्या लाकडी पट्टीवरून, वर उठणं. पाय फळीवर असतो सेकंदाच्या एक-दशांशाच्या आसपास. बहुतेक खेळाडू फळी जवळ आली की मनातून बिचकतात, शेवटची दोन-तीन पावलं चोरतात किंवा ताणतात, आणि तिथेच वेग सांडतो. त्या दिवशी बीमनचं एकही पाऊल चोरलेलं नव्हतं. फळी त्याच्या पायाखाली जशी हवी तशी आली.

हे अंतर डोळ्यांनी पाहायचं असेल तर शाळेच्या व्हॉलीबॉल मैदानावर जा. त्याची रुंदी ९ मीटर असते. एका बाजूच्या रेषेवर उभा राहा आणि समोरच्या रेषेकडे बघ. एका पायावर उठून जवळजवळ तिथे उतरायचं आहे. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो. कुणी काही बोलत नसे.

आणखी एक हिशेब. जेसी ओवेन्सने १९३५ मध्ये ८.१३ मीटरचा विक्रम केला. तिथून १९६८ पर्यंत, ३३ वर्षांत, सगळ्या जगाने मिळून त्यात २२ सेंटिमीटरची भर घातली. बीमनने एका उडीत ५५ ची घातली. तोवर २८ फूट कुणी ओलांडले नव्हते. बीमन २८ ओलांडून थेट २९ च्या पुढे उतरला. त्याच्यानंतर २८ फुटांच्या पलीकडे जाणारा दुसरा माणूस भेटायला १९८० उजाडलं. मॉस्को ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीचा लुट्झ डोम्ब्रोव्स्की, ८.५४ मीटर.

उंचीवरच्या मैदानांचा फायदा नंतर इतरांनीही घेऊन पाहिला. आर्मेनियातल्या डोंगरात त्साखकाद्झोरला रॉबर्ट एमियान १९८७ मध्ये ८.८६ पर्यंत पोचला. इटलीतल्या सेस्त्रिएरेला, दोन हजार मीटर उंचीवर, क्युबाच्या इव्हान पेद्रोसोने १९९५ मध्ये ८.९६ मारली होती. पण वारा मोजणाऱ्या यंत्रासमोर माणूस उभा होता असं निघालं, आणि तो विक्रम धरला गेला नाही. मोजणाऱ्यांची नजर किती कडक असते ते यावरून बघ. बीमनची उडी त्या सगळ्यातून पार पडलेली आहे.

प्रश्न: उडी झाल्यावर मोजायला वीस मिनिटं लागली असं ऐकलं. इतका वेळ कशाला लागला? आणि बीमन म्हणे खाली कोसळला?
– एक निवृत्त पंच, कोल्हापूर

तुम्ही स्वतः पंच म्हणून काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्हाला त्यातली गंमत कळेल.

तारीख १८ ऑक्टोबर १९६८, दुपारी पावणेचारचा सुमार. आभाळ भरून येत होतं. बीमनच्या आधी उडी मारणाऱ्या तिघांचेही फाउल झाले होते, म्हणजे पाय फळीच्या पुढे पडून उडी बाद. छातीवर २५४ क्रमांक, सडपातळ, उंच बीमन धावमार्गाच्या टोकाला उभा राहिला. १९ पावलांची धाव, फळी, उडी. वाळूत उतरला तो इतक्या जोरात की त्याच वेगात उसळून खड्ड्याबाहेर पडला.

मेक्सिकोत अंतर मोजायला दुर्बिणीसारखं नवीन यंत्र आणलं होतं. खड्ड्याच्या कडेने एक रूळ, त्यावरून यंत्र सरकवायचं आणि वाळूतल्या खुणेच्या समोर आणून आकडा वाचायचा. पंचांनी यंत्र सरकवत नेलं, नेलं, आणि रूळ संपला. खूण त्याच्याही पुढे होती. एवढ्या लांब कुणी उतरेल असं यंत्र बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. मग पोलादी टेप मागवली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

त्या पंचांना मी मनापासून मानतो. फळीपासून नऊ मीटरला टेकलेली खूण बघून कुणाचाही हात थरथरेल. त्यांनी घाई केली नाही. टेपचं शून्य वाळूतल्या फळीला सर्वांत जवळच्या खुणेवर, टेप फळीला काटकोनात, आणि आकडा फळीपाशी वाचायचा. तुम्ही-मी तालुक्याच्या स्पर्धेत करतो तेच काम त्यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या उडीला केलं.

फलकावर ८.९० आलं. बीमन अमेरिकेचा, फूट आणि इंचांत वाढलेला. विक्रम मोडला एवढं त्याला समजलं, पण किती ते समजेना. बोस्टनने जवळ येऊन त्याला आकडा फुटांत सांगितला: २९ फूट अडीच इंच. ते ऐकताच त्याच्या पायांतलं बळ गेलं. तो धावपट्टीवर बसला, तोंड हातांनी झाकलं, उठवल्यावरही उभं राहवेना. भावनेचा जबर धक्का बसला की स्नायूंमधली ताकद काही क्षण निघून जाते, त्यातलाच हा प्रकार होता असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. लिन डेव्हिस त्याला म्हणाला की तू ही स्पर्धाच संपवून टाकलीस. तेर-ओव्हानेस्यानचं म्हणणं होतं की या उडीपुढे आम्ही सगळी लहान मुलं.

थोड्याच वेळात पाऊस आला. बीमनने आणखी एक उडी मारली, ८.०४. पुढच्या संधी त्याने घेतल्या नाहीत.

हवेत पाय फाकलेला, हात पुढे फेकलेला बीमनचा तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. तो टोनी डफी या हौशी ब्रिटिश छायाचित्रकाराने काढलेला आहे. पुढे त्याने क्रीडा-छायाचित्रांची मोठी संस्थाच उभी केली.

प्रश्न: मी क्वीन्समध्ये राहते. बीमन इथलाच असं मुलाच्या शाळेत कळलं. त्याच्या लहानपणाविषयी लिहाल का?
– एक वाचक, न्यूयॉर्क

ताई, तुमच्या मुलाला अभिमान वाटावा असंच ते आहे. बीमनचा जन्म २९ ऑगस्ट १९४६ चा, बालपण क्वीन्समधल्या साउथ जमैका भागातलं. तो तान्हा असतानाच आई क्षयाने गेली. आजीने वाढवलं. घरची ओढाताण, बाहेर टोळ्या आणि मारामाऱ्या. शाळेतल्या एका भांडणानंतर त्याला वाट चुकलेल्या मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत पाठवलं होतं. तिथून तो जमैका हायस्कूलमध्ये आला आणि लॅरी एलिस या प्रशिक्षकाच्या नजरेस पडला. हेच एलिस पुढे, १९८४ मध्ये, अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातल्या पुरुष धावपटू-उडीपटूंच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

एलिससारखा माणूस त्या वयात भेटला नसता तर ८.९० हा आकडा कुणाला माहीत झाला नसता. शाळेतल्या मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक शिक्षकाला मी हे नाव सांगतो.

प्रश्न: पदक घेताना बीमनने पँट दुमडून काळे मोजे दाखवले होते. ती फॅशन होती की निषेध? खेळात राजकारण आणणं तुम्हाला पटतं का?
– एक शिक्षक, पुणे

निषेध. आणि सर, तो एका दिवसात सुचलेला नव्हता.

१९६८ च्या वसंतात बीमन टेक्सासच्या एल पासोतल्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर होता. विद्यापीठाचा संघ ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरणार होता. ते मॉर्मन चर्चचं विद्यापीठ, आणि त्या काळी त्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारलेलं होतं. बीमन आणि त्याच्या काही कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी त्या स्पर्धेत उतरायला नकार दिला. त्यांना संघातून काढलं. एप्रिल महिना. ऑलिंपिक ऑक्टोबरमध्ये. प्रशिक्षक नाही, शिष्यवृत्ती नाही, संघ नाही. बावीस वर्षंही पूर्ण न झालेल्या, आईविना वाढलेल्या मुलाने हे सगळं पणाला लावलं.

तेव्हा त्याच्याकडे लक्ष द्यायला कोण आलं? राल्फ बोस्टन. ज्याचा विक्रम मोडायचा, ज्याच्या हातून सोनं निसटणार, तो माणूस. बोस्टनने त्याला अनौपचारिकपणे शिकवलं. त्या वर्षी मेक्सिकोला जाण्याआधी बीमनने २३ पैकी २२ स्पर्धा जिंकल्या. आणि मेक्सिकोत पात्रता फेरीत बीमनचे पहिले दोन्ही प्रयत्न फाउल गेले. तिसरा चुकला असता तर अंतिम फेरीच नाही, ८.९० नाही, काहीच नाही. बोस्टन पुन्हा त्याच्यापाशी गेला. त्याचा सल्ला असा की फळी विसर, हवं तर फळीच्या फूटभर अलीकडून उठ, तुझ्या उडीला तेवढी तूट सहज पेलते. बीमनने ऐकलं, ८.१९ मारून तो आत आला. दुसऱ्या दिवशी त्याने बोस्टनचा विक्रम पुसला आणि बोस्टनला कांस्य मिळालं.

१९३६ च्या बर्लिनमध्ये जर्मनीच्या लुट्झ लाँगने जेसी ओवेन्सला असाच सल्ला दिल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीच्या तपशिलांवर अभ्यासकांना शंका आहेत. बोस्टनची गोष्ट सांगा. ती भक्कम आहे, आणि माझ्या मते तिच्यात माणुसकीही जास्त आहे. बोस्टन २०२३ मध्ये गेला.

बीमनच्या उडीच्या दोनच दिवस आधी, १६ ऑक्टोबरला, टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदकाच्या मंचावर काळा हातमोजा घालून मूठ उंचावली होती. त्यांना पथकातून परत पाठवलं गेलं. हे डोळ्यांसमोर असूनही बीमन मंचावर पायजम्याच्या दोन्ही टोकांना दुमड घालून, काळे मोजे दिसतील असा उभा राहिला. बोस्टन अनवाणी.

खेळात राजकारण आणणं पटतं का, असं तुम्ही विचारता. त्यांच्या रंगावरून त्यांचं आयुष्य ठरवणाऱ्यांनी ते आधीच आणलं होतं. या मुलांनी फक्त ते लपवायला नकार दिला. मला ते पटतं. पूर्ण पटतं.

प्रश्न: एवढी मोठी उडी मारणाऱ्याला पुन्हा तशी उडी का मारता आली नाही? मग तो नशीबवान म्हणायचा का?
– एक वाचक, नाशिक

बीमन त्यानंतर ८.२२ च्या पुढे कधी गेला नाही, हे खरं आहे. मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने त्याला उडीचा पायही बदलून पाहावा लागला. उडीच्या खेळात पाय बदलणं म्हणजे सगळं पहिल्यापासून शिकणं. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात त्याची निवड झाली नाही. १९७३ मध्ये तो व्यावसायिक स्पर्धांकडे वळला. त्या काळी पैसे घेतले की ऑलिंपिकचं दार बंद व्हायचं.

पण ‘नशीबवान’ हा शब्द मला टोचतो. मेक्सिकोच्या आधीचा काळ बघा. १९६७ मध्ये विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत रौप्य. १९६८ चं वर्ष मी वर सांगितलंच. मेक्सिकोला तो पसंतीचा दावेदार म्हणून गेला होता. सगळ्यांना माहीत होतं की हा मुलगा कधीतरी मोठी उडी मारणार. कुणाला माहीत नव्हतं ती किती मोठी, एवढंच. धावेची मापं काटेकोर ठेवण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे त्याचे फाउल फार व्हायचे. ज्या उड्या फाउल गेल्या त्यांतल्या काही किती लांब होत्या ते कुणी मोजलं नाही. ताकद आणि वेग त्याच्याकडे वर्षभर होताच. फळी बरोबर सापडली तो दिवस अंतिम फेरीचा निघाला.

आणि तो बावीस वर्षांचा असताना जगाचा सगळा उत्साह त्या एका उडीवर खर्च झाला. रोज सरावाला जाताना समोर स्वतःचाच आकडा उभा, तोही गाठणं जवळपास अशक्य. कुठल्याही खेळाडूला विचारा, उमेद टिकवणं किती जड जातं. त्याने पुढे अडेल्फी विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी घेतली, तरुण खेळाडूंसाठी काम केलं. तालवाद्यांची आवड त्याने आजवर जपली आहे. बास्केटबॉलच्या फिनिक्स सन्स संघानेही १९६९ मध्ये त्याला निवडलं होतं, पण तो त्या वाटेने गेला नाही. ते ऑलिंपिक सुवर्णपदक २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४ लाख ४१ हजार डॉलरला गेलं. काहींना ते खटकलं. मला नाही. पदक त्याचं होतं.

प्रश्न: कार्ल लुईसची चार ऑलिंपिक सुवर्णं, माइक पॉवेलचा ८.९५ चा विश्वविक्रम. तरी नाव बीमनचंच का घेतलं जातं? हा अन्याय नाही का?
– एक वाचक, नागपूर

लांब उडीतला सर्वांत मोठा खेळाडू कोण, असं विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता कार्ल लुईस म्हणेन. १९८४, १९८८, १९९२, १९९६: सलग चार ऑलिंपिकचं सोनं. दहा वर्षं तो लांब उडीत हरला नव्हता, सलग ६५ स्पर्धा. बीमन या बाबतीत त्याच्या जवळपासही नाही.

लुईसची ती मालिका तुटली तो दिवस ३० ऑगस्ट १९९१, टोकियोची जागतिक स्पर्धा. लुईसने चौथ्या प्रयत्नात ८.९१ मारली. बीमनच्या पुढे, पण वारा २.९, म्हणून विक्रम नाही. लगेच पाचव्या प्रयत्नात पॉवेलने ८.९५ मारली, वारा जेमतेम ०.३. त्यावर लुईसने ८.८७ आणि ८.८४ अशा उड्या मारल्या आणि तरी हरला. स्पर्धा म्हणून पाहिलं तर मेक्सिकोपेक्षा टोकियोची दुपार कितीतरी श्रेष्ठ. मेक्सिकोत स्पर्धा पहिल्या फेरीतच संपली होती.

पॉवेलचा विक्रम आजही उभा आहे. बीमनचा टिकला २२ वर्षं १० महिने. ओवेन्सचा २५ वर्षं. पॉवेलचा या दोघांनाही मागे टाकून तीस वर्षांच्या पार गेला आहे. आयुष्याचा हिशेब मांडला तर पॉवेलच्या वाट्याला आली त्याहून जास्त कीर्ती यायला हवी होती, हे तुमचं म्हणणं मान्य.

मग बीमनचं नाव का? पॉवेल आणि लुईस जिथे पोचले तो आकडा त्यांना माहीत होता. लहानपणापासून ते ८.९० हा आकडा समोर ठेवून धावले. बीमनसमोर असा आकडाच नव्हता. ८.३५ च्या जगात राहणाऱ्या माणसाने ८.९० मारली. पाच सेंटिमीटरने विक्रम मोडणारा माणूस त्या खेळाचा विजेता ठरतो. पंचावन्नने मोडणाऱ्याने त्या खेळातल्या सगळ्यांना पुढची बावीस वर्षं काय करायचं ते ठरवून दिलं. ऑलिंपिकचा विक्रम तर अजूनही बीमनचाच आहे. २०२४ च्या पॅरिसमध्ये ग्रीसच्या मिल्टियाडिस टेंटोग्लूने ८.४८ वर सोनं जिंकलं. छपन्न वर्षांनंतरही ४२ सेंटिमीटर अलीकडे.

प्रश्न: आपल्याकडचं काय?
– एक वाचक, लातूर

केरळच्या टी. सी. योहानन यांनी १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मारून सोनं जिंकलं. तो राष्ट्रीय विक्रम तीस वर्षं टिकला. आता जेस्विन ऑल्ड्रिनची ८.४२ आणि मुरली श्रीशंकरची ८.४१, दोन्ही २०२३ मधल्या. वर दिलेला पॅरिसचा आकडा बघा आणि मग ठरवा की आपण कुठे आहोत. फार मागे नाही. मुलींमध्ये अंजू बॉबी जॉर्जची २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधली ६.८३ अजून कुणी ओलांडलेली नाही. २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकण्यापूर्वी अंजूने माइक पॉवेलकडे सराव केला होता. बीमनला गाठायला निघालेल्या माणसाचं शिकवणं असं केरळच्या मुलीपर्यंत पोचलं.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. उडी चांगली जाते, पण स्पर्धेत तिन्ही फाउल होतात आणि ती रडत घरी येते. शाळेत उडीचे प्रशिक्षक नाहीत. मी तिला कशी मदत करू?
– एक आई, चिपळूण

ताई, तिला आधी सांगा की ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत बीमनचेही दोन फाउल गेले होते. मग टेप, खडू आणि एक वही घेऊन तिच्याबरोबर मैदानावर जा. यासाठी प्रशिक्षक असायलाच हवा असं नाही. मोजणारा माणूस हवा.

तिच्या वयाला ११ ते १३ पावलांची धाव पुरे. तिला फळीवर उभी करा, पाठ खड्ड्याकडे. तिथून उलट्या दिशेने, स्पर्धेत पळते तशी पूर्ण जोरात पळू द्या. तेराव्या पावलाला पाय कुठे पडतो तिथे तुम्ही खूण करा. चार-पाच वेळा करा. खुणा जवळजवळ आल्या की त्यांच्या मधोमध तिची सुरुवात. फळीपासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत तारखेसह लिहा. हे अंतर तिचं स्वतःचं. मैत्रिणीच्या खुणेवरून तिला धावू देऊ नका. सुरुवात दर वेळी एकाच प्रकारे: दोन्ही पाय थांबलेले, मग पहिलं पाऊल. कधी चालत येऊन, कधी उडी घेऊन सुरुवात केली की पुढचं सगळं माप बिघडतं.

आता तिला खड्ड्याकडे धावू द्या आणि तुम्ही फळीच्या बाजूला बसा. तिने फळीकडे बघायचं नाही, नजर समोर, खड्ड्याच्याही पलीकडे. फळी बघायचं काम तुमचं. दर वेळी पाय फळीच्या पुढे किंवा मागे किती पडला ते लिहा. दर वेळी साधारण सारखाच, म्हणजे वीतभर पुढे पडत असेल, तर काळजीचं कारण नाही, सुरुवातीची खूण वीतभर मागे घ्या. कधी पुढे, कधी मागे असं होत असेल तर चूक शेवटी नाही, सुरुवातीच्या तीन-चार पावलांत आहे. मग उडी सोडा आणि नुसती धाव करून घ्या. पाठीला वारा असेल तर खूण थोडी मागे, समोरून असेल किंवा जमीन ओली असेल तर थोडी पुढे.

स्पर्धेत पहिल्या प्रयत्नाला तिला फळीच्या वीतभर अलीकडून उठायला सांगा. थोडं अंतर जाईल, पण नावापुढे आकडा लागेल, आणि पुढचे दोन प्रयत्न ती मोकळेपणाने पळेल. स्पर्धेच्या दिवशी मैदानावर तासभर आधी पोचा. प्रत्येक मैदानाची माती वेगळी असते, म्हणून घरची खूण तिथे एकदा पळून तपासा, आणि वही व टेप पिशवीत आदल्या रात्रीच टाकून ठेवा.